मर्जी असेल तर

लेंट लागला की आमच्या अधारतालच्या गल्लीत रोझीमावशीचा एकच प्रश्न सुरू होतो. "यंदा काय सोडलं?"

ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस. प्रभूच्या दुःखाची आठवण म्हणून आम्ही ख्रिस्ती माणसं या दिवसांत आपल्या आवडीचं काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी मालिका. रोझीमावशी दरवर्षी राग सोडते आणि पहिल्याच आठवड्यात नळावर कडाडून भांडते. "मावशी, राग सोडला होता ना?" असं कुणी विचारलं की कमरेवर हात ठेवून म्हणते, "मी तर सोडला होता बापा, तीच घेऊन आली परत!"

परवा तिनं मला फाटकातच गाठलं. "मॅडम, तुमचं काय यंदा?"

"काही नाही मावशी."

"काही नाही कसं? चहा सोड." आणि मग तिनं जीभ चावली.

चहा ताईनं सोडायची गोष्ट होती. आमच्या घरात तो मान तिचाच होता. मी तपासायच्या वह्यांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि शाळेकडे निघाले. रस्ताभर कडुनिंबाची पिवळी पानं पडलेली होती. या दिवसांत जबलपूरला कडुनिंब असा गळतो की सकाळी झाडलेलं अंगण दहा वाजता कुणी झाडलंच नाही असं वाटतं. सकाळी अजून अंगावर ओढणी घ्यावीशी वाटते आणि दुपारी उसाच्या रसाच्या गाड्यावर गर्दी होते. पोरं परीक्षेला जाताना पाठ केलेलं पुटपुटत जातात. ती पुटपुट ऐकली की मी पावलं भरभर उचलते. गेल्या वर्षी याच दिवसांत मी अशीच पुटपुटत ये-जा करत होते. फक्त माझं पाठांतर वेगळं होतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा विदर्भातल्या एका खेड्यातून इथं कारखान्यात मदतनीस म्हणून आले. आई मी लहान असतानाच गेली. ताईनं, करुणाताईनं, नववीतून शाळा सोडली आणि ओमतीतल्या एका साड्यांच्या दुकानात उभी राहिली. ग्राहकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालणं हे तिचं काम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिची बोटं वळलेलीच असायची. मी अभ्यासाला बसले की ती माझ्यामागे भिंतीला टेकून बसे. तिला त्यातलं काही कळत नसे, पण मी थांबले की म्हणायची, "काहून थांबली? वाच ना छोटी." ज्या दिवशी माझा निकाल आला त्या दिवशी तिनं दुकानातल्या मालकिणीपासून हमालापर्यंत सगळ्यांना पेढे दिले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आम्ही बी.ए. झालो." आम्ही. त्या शब्दात मला काहीच खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ताईचा विश्वास अंगातल्या रक्तासारखा होता, त्याच्याबद्दल ती कधी बोलत नसे. रविवारी चर्च चुकवायचं नाही, कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यांत आधी जाऊन चूल पेटवायची, दुकानात कुणी धर्मावरून टोमणा मारला तर हसून पुढची साडी घ्यायची. चर्चमध्ये आमची भक्ती हिंदीत, घरी प्रार्थना मराठीत. ती म्हणायची, "हिंदीत मागितलं की अर्ज केल्यासारखं वाटते. मराठीत मागितलं की हट्ट केल्यासारखं."

आणि बाबांची प्रार्थना. रोज जेवणाआधी तीच, त्याच चालीत. जेवणाचे आभार, दूरच्या नातेवाइकांची नावं, आजाऱ्यांची नावं, आणि शेवटी, "बापा, तुझी मर्जी असेल तर." लहानपणी मला वाटायचं की हे 'आमेन'चंच पहिलं अर्धं आहे. 'मर्जी असेल तर आमेन' असा एकच लांब शब्द. तो ऐकला की हात ताटाकडे जायचा.

गेल्या वर्षी, राखेच्या बुधवारच्या, म्हणजे लेंट लागायच्या, थोडं आधी ताईच्या पोटात गाठ निघाली. नेपियर टाऊनमधल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि मला, कारण मी शिकलेली, बाजूला बोलावलं. ऑपरेशनची वेळ गेलीये, असं ते हिंदीत म्हणाले. फार सौम्यपणे म्हणाले. बाहेर बाकावर ताई आणि बाबा शेजारी शेजारी बसले होते, हातावर हात ठेवून, फोटो काढायला आल्यासारखे. त्या बाकापर्यंतचं अंतर मी कसं चालले ते मला आठवत नाही.

मी परीक्षांच्या शिस्तीत वाढलेली मुलगी. माझ्या आयुष्यात जे काही मिळालं ते पूर्ण अभ्यास करून, एकही प्रश्न न सोडता मिळालं. देवाकडेही मी तशीच गेले. पूर्ण मनानं मागायचं, काही राखून ठेवायचं नाही, मग तो नाही कसा म्हणेल? मी दुपारचं जेवण सोडलं. चप्पल सोडली. शाळेत तासाच्या मधल्या वेळात प्रयोगशाळेमागे जाऊन गुडघ्यांवर बसायचे. एका बाईंनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथं एक पोतं अंथरून ठेवलेलं होतं.

त्याच दिवसांत आमच्याकडे पास्टर भैया येऊ लागले. तरुण होते, स्कूटरवर यायचे, सांजेला घराघरांत प्रार्थनासभा घ्यायचे. मी त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही. ते ताईसाठी खरोखर उपाशी राहिले. त्यांचे डोळे खोल गेलेले मी पाहिले. त्यांची शिकवण एवढीच होती की मागू नका, मिळालं म्हणून आभार माना. विश्वास म्हणजे तोच. ताईच्या खाटेभोवती आम्ही दहा-बाराजण उभे राहायचो आणि ते म्हणायचे, "एक स्वर में बोलो, दीदी चंगी है!" चंगी म्हणजे बरी झालेली. आम्ही म्हणायचो. पहिल्यांदा अर्धवटच म्हटलं, मग जमू लागलं, मग त्यात एक धुंदी आली. ताई उशीला टेकून बसलेली, हात जोडलेले, हसत असायची. तीही म्हणायची, "चंगी हूँ."

आणि आमेनच्या आधी, सगळे आवाज खाली आल्यावर, कोपऱ्यातून बाबा हळूच म्हणायचे, "बापा, तुझी मर्जी असेल तर."

दोन-तीन दिवस भैयांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकदा ते बाबांच्या पायाशीच बसले. "बाबूजी, बुरा मत मानिए. ये 'अगर' हटा दीजिए. अगर मतलब शक. शक से चंगाई रुकती है."

बाबांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी ते शब्द म्हटले नाहीत, आणि आमेन म्हटल्यावर नुसतेच ओठ हलवले. मला दिसलं ते काय म्हणाले.

मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. "बाबा, कशाला म्हणता? एवढे लोक जीव तोडून मागून राहिले आणि तुम्ही शेवटी 'असेल तर' लावता. म्हणजे नसली तरी चालेल असं झालं ना ते!"

"तसं नाही वो बेटा."

"मग कसं?"

ते दोरीवरच्या ताईच्या साडीकडे वळले. "अगं, प्रभूनं बी त्या बागेत, धरून नेण्याच्या आधी, हेच म्हटलं होतं. त्याले बी मरायचं नव्हतं. तरी म्हटलं, माझं नको, तुझं होऊ दे."

"आणि मग त्याला वधस्तंभ मिळाला, बाबा."

हे मी म्हटलं. साडी वाळली होती, ती बाबांनी काढली आणि घडी घालायला लागले. त्यांना येत नव्हती. ती नेहमी ताईच घालायची.

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवसांत माझ्याइतकी पूर्ण मनानं देवाची झालेली कुणी नसेल. माझ्यात माझं असं काही उरलंच नव्हतं. रस्त्यानं जाताना पुटपुटत असायचे, चंगी आहे, चंगी आहे. सिग्नलला थांबलेल्या ऑटोवाल्यानं एकदा विचारलं, "क्या चंगी है दीदी?" मी म्हटलं, "मेरी बहन." तो म्हणाला, "चलो, अच्छा है," आणि मला रडू फुटलं.

मग ती दुपार. परीक्षांमुळे शाळा लवकर सुटली होती. मी फाटक उघडायच्या आधी मला आतून आवाज आला. जनावर बांधलेलं असावं आणि त्याचा पाय अडकलेला असावा, तसा. खिडकीतून पाहिलं. ताई खाटेवर कुशीला वळलेली होती, तोंडात टॉवेलचा बोळा कोंबलेला, आणि तिचा सगळा देह त्या टॉवेलमागे ओरडत होता. माझ्या हातून कडी वाजली. तिनं क्षणात टॉवेल काढला, पदर सारखा केला, उशीला टेकली. मी आत गेले तोवर हसत होती.

"आली छोटी? मी चंगी आहे आज."

मी तो टॉवेल उचलला. दातांच्या जागी तो ओला आणि विरलेला होता. एका दिवसात टॉवेल तसा होत नाही.

"ताई, हे काय?"

तिनं नजर चुकवली. मग फार दमल्यासारखी म्हणाली, "तुम्ही सारे इतकं जीव लावून म्हणून राहिले की मी बरी झाली. मंग मी कण्हू कशी? मी कण्हली तर तुमचं सारं खोटं पडते ना. भैया बिचारे उपाशी. तू उपाशी. मी कोणत्या तोंडानं कण्हू?"

मी टॉवेल हातात धरून खाटेच्या कडेला बसले.

"बाबाजवळ बरं वाटते," ती म्हणाली. "तू शाळेत जाते ना, मंग ते येऊन बसतात. हळूच म्हणतात, मर्जी असेल तर. त्या 'तर'मध्ये मले थोडी जागा होते गं. तेवढ्यात मी कण्हून घेते."

ती आणि बाबा. रोज सकाळी. माझ्या विश्वासापासून चोरून.

"कण्ह ताई," मी म्हटलं. "कण्ह. जोरात कण्ह."

"भैयाले सांगू नको."

"कण्ह तू."

आणि ती कण्हली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती कण्हत राहिली, शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी. थोड्या वेळानं रोझीमावशी दारात आली, काही न विचारता खाटेच्या पायथ्याशी बसली आणि ताईचे तळपाय चोळू लागली. त्या दुपारी आमच्या घरात कुणी देवाचं नावही घेतलं नाही.

भैयांना मीच सांगितलं. फाटकाबाहेर, ते स्कूटर उभी करत असताना. ते हेल्मेट हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, वाद घालतील. "मुझे क्यों नहीं बताया दीदी ने?" एवढंच त्यांनी विचारलं, लहान मुलासारखं. मी म्हटलं, "आप भूखे थे ना, भैया." त्या संध्याकाळी ते आत येऊन खाली सतरंजीवर बसले, एक गाणं म्हटलं आणि गेले. पुढंही येत राहिले. येताना बर्फ आणायचे, कारण ताईला बर्फाचा तुकडा चघळलेला बरा वाटायचा. प्रार्थना मात्र आता कशी करायची हे आम्हां दोघांनाही कळेनासं झालं होतं. 'तर' काढून मी मागितलं होतं, त्याखाली ताई गुदमरली. 'तर' लावून मागायला गेले की माझीच जीभ अडखळायची, कारण त्या शब्दाच्या पलीकडे काय आहे ते मला दिसत होतं. मी नुसती बसायचे. तेवढंच मी देवासमोर ठेवत होते, आणि तो घेतोय की नाही ते कळायला काही मार्ग नव्हता.

ईस्टरच्या सकाळी लेंट संपला म्हणून ताईनं चहा मागितला. मी आलं ठेचून केला. दोन घोट घेतले आणि म्हणाली, "इतके दिवस वाट पाहिली, तरी साखर कमीच टाकली पोरीनं." बाबा हसले, मी हसले, ती हसली आणि हसता हसता पोट धरून वाकली. चर्चमधून पुनरुत्थानाची गाणी लाऊडस्पीकरवर ऐकू येत होती.

ती त्याच आठवड्यात गेली. गुड फ्रायडेला नाही, ईस्टरच्या रविवारीही नाही. एका साध्या मंगळवारी, दुपारी, मी पाणी आणायला उठले तेवढ्यात. सणाला गेली असती तर लोकांना सांगायला काहीतरी अर्थ मिळाला असता. तेवढाही तिनं ठेवला नाही.

मयताला गर्दी झाली. साड्यांच्या दुकानातली सगळी माणसं आली. कुणीतरी मागे कुजबुजलं की विश्वास कमी पडला असेल. रोझीमावशीनं वळून पाहिलं आणि लेंट संपलेला असल्यामुळे तिला जे बोलायचं होतं ते पूर्ण बोलली. पण मला लागलं ते दुसरंच. एकेक जण येऊन माझा हात धरायचा आणि म्हणायचा, "प्रभू की मर्जी." "त्याची मर्जी, बाई." ज्या शब्दाला आम्ही महिनाभर घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, तो आता प्रत्येकाच्या तोंडी होता. तोच शब्द म्हाताऱ्या माणसाच्या ओठांतून ओढून काढला होता, आणि आता फुलांबरोबर वाटत होते. मला ओरडावंसं वाटलं. मी सगळ्यांचे आभार मानले. मी शिकलेली आहे, मला आभार मानता येतात.

तेव्हापासून रविवारच्या भक्तीत, प्रभूची प्रार्थना म्हणताना, एका ओळीला माझे ओठ मिटतात. प्रार्थना सगळी मंडळी उभं राहून, डोळे मिटून, एकत्र म्हणते. 'तेरी इच्छा पूरी हो' ही देवाच्या मर्जीची ओळ येते तिथं मी गप्प होते. ठरवून नाही. खोटं बोलल्याशिवाय ती मला म्हणता येत नाही, आणि त्याच्याशी खोटं बोलण्याइतकी मी त्याच्यापासून दूर गेलेली नाही. मी जाऊ शकले असते. कितीतरी रविवारी उठताना वाटलं, आज नको. पण जाऊन कुठं बसू? माझं सगळं तर त्याच्याजवळच आहे. ताईसुद्धा. मी स्वतःला समजावत असे की बाबा शेजारी उभे आहेत, ते म्हणतायत, आमच्या घराकडून ती ओळ जातेय. त्यांनी आयुष्यभर म्हटली आहे. त्यांच्या भरवशावर मी तेवढी जागा ओलांडत असे.

यंदाच्या लेंटमधला, गेल्या आठवड्यातला बुधवार. संध्याकाळच्या भक्तीला फार थोडे लोक होते, परीक्षेमुळे पोरं नाहीत, लग्नाला गेलेली काही घरं नाहीत. मध्येच वीज गेली. माइक बंद, पंखे बंद. चर्चचे पाळकसाहेब तसेच पुढे बोलत राहिले आणि आम्ही प्रार्थनेला उभे राहिलो. इतके कमी आवाज की प्रत्येकाचा वेगळा कळत होता. ती ओळ आली. मी गप्प झाले. आणि आमच्या बाकावर एकदम काहीच ऐकू येईना.

मी डोळे उघडले. बाबांचे डोळे उघडे होते. ओठ मिटलेले. ते माझ्याकडेच पाहत होते.

बाहेर आल्यावर कडुनिंबाखालच्या ओट्यावर ते बसले. वीज अजून आली नव्हती. मी शेजारी बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तिले मातीत ठेवलं तवापासून." ते काठीनं पानं गोळा करत होते. "मले वाटे तू म्हणून राहिली. मले ऐकू येत नाही ना. म्हटलं, पोरगी शिकेल आहे, म्हणत असन. तुझ्यावर निभावून नेत होतो."

"मी तुमच्यावर, बाबा."

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी परत मोठ्यानं म्हटलं. त्यांचे खांदे हलू लागले. मला आधी कळेना ते हसतायत की रडतायत. त्यांनाही कळत नसावं.

"म्हणजे सालभर आपल्या घरातून कोणीच म्हटली नाही," ते म्हणाले.

"नाही."

"त्याले माहीत असन."

"असेलच."

"तरी बसू देऊन राहिला आपल्याले."

मी विचारलं, "मग आता काय करायचं, बाबा?"

"मले नाही येत सांगता बेटा. जन्मभर म्हटलं, मर्जी असेल तर. तवा मले वाटे, मी द्यायले तयार आहे. मी तयार नव्हतो. एक दिवस बी नव्हतो." मग काठी टेकून उठले. "पण दुसऱ्यायनं म्हटलेली ती ओळ ऐकल्याबिगर मी जाणार नाही. तू बी नको जाऊ. उभे राहू."

काल पुन्हा बुधवार होता. वीज होती, पंखे होते, तरी मला आता आमच्या बाकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. ती ओळ आली तशी बाबांनी माझं मनगट धरलं, घट्ट, आजारी माणसाला उठवताना धरतात तसं. आम्ही दोघं गप्प उभे राहिलो आणि ओळ आमच्यावरून गेली. मग रोजची भाकर मागायची ओळ आली. ती मागायलाच हवी होती, घरी पीठ मळायचं होतं, उद्या परत उठायचं होतं. तिथून आम्ही दोघांनी आवाज लावला, इतका मोठा की पुढच्या बाकावरच्या रोझीमावशीनं वळून पाहिलं.